पोरं बोटीत राहतात आणि बोट जागची हलेना

पत्र थोडक्यात असं: सांगलीच्या विश्रामबागेतल्या एक ताई लिहितात. वय ५८, मिस्टर बँकेतून रिटायर. एकुलता एक मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, लग्न होऊन तीन वर्षं झाली, सूनही तिकडेच नोकरीला, दोघांचंही काम बहुतेक लॅपटॉपवर. मागच्या वर्षी दोघांनी भाड्याचा फ्लॅट सोडला आणि ३४ फुटांची जुनी शिडाची बोट विकत घेतली. सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळच्या फालमथ बंदरातनं स्पेनला जायचं होतं, पण बोटीचं काम लांबलं, मग वादळं सुरू झाली, आणि तेव्हापासून दोघं फालमथच्या मरीनात, म्हणजे खासगी बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, बोट बांधून तिच्यातच राहतायत. मुलगा म्हणतो मे महिन्यात बघू. व्हिडिओ कॉलवर भिंतीवरनं पाणी ओघळताना दिसतं, बोट कलताना दिसते, सून टोपी आणि दोन स्वेटर घालून कोपऱ्यात बसलेली असते आणि फारशी बोलत नाही. मिस्टरांनी "इंजिनिअर केला तर नावाडी झाला" म्हणून मुलाशी बोलणं टाकलंय. नातेवाईक भेटले की विचारतात, पोचला का स्पेनला? २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला उलटलेली बोट ताईंच्या डोळ्यासमोरनं जात नाही. त्यांचा प्रश्न: "चार महिन्यांचं भाडं आम्ही भरतो, गपचूप फ्लॅट घेऊन राहा असं ठणकावून सांगू का? की निघायचंच असेल तर एकदाचे निघा, हे असं अधांतरी लटकणं बंद करा, असं सांगू?"

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं पत्र काळजीचं आहे पण ते एक वाक्य धोक्याचं आहे. "एकदाचे निघा" हे कृपा करून मुलाला म्हणू नका, रागातही नको आणि थट्टेतही नको, आणि मिस्टर बोलायला लागले तर त्यांनाही म्हणू देऊ नका. फ्लॅट घे म्हणालात तर फार तर चार दिवस कुरबुर होईल. पण घरचे हसतायत, आपण सगळ्यांसमोर फजीत झालो, असं मनात घेऊन पोरगं जानेवारीत दोर सोडून बाहेर पडलं तर ते कुणालाच परवडणार नाही.

मी मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये नोकरी केलेला माणूस, आता साताऱ्यात घरी बसून ही पत्रं वाचतो. शिडाच्या बोटीतला मी काही उस्ताद नाही, पण फालमथ आणि स्पेन यांच्यामध्ये जो बिस्केचा उपसागर लागतो तो थंडीत मोठ्या जहाजातनं बघितलाय आणि तिथं आमच्या ताटातली डाळसुद्धा ताटात राहत नसे. फालमथहून स्पेनचं आ कोरुन्या बंदर साधारण साडेचारशे सागरी मैल. ३४ फुटी बोट तासाला पाच मैल चालली तर नव्वद तास, म्हणजे जवळजवळ चार दिवस आणि चार रात्री, आणि सरळ गेलं तर वाटेत थांबायला काही नाही. थंडीत अटलांटिकवरनं कमी दाबाचे पट्टे एकामागनं एक येत असतात, एक सरकतोय तोवर दोन-तीन दिवसांत दुसरा हजर, त्यामुळे सलग चार दिवस बरी हवा मिळणं हेच मुश्कील, आणि हवामानाच्या अंदाजावर भरवसा ठेवायचा तर तोही तीन-चार दिवसांपुरताच. त्यात तिथला तळ विचित्र आहे, बाहेर चार हजार मीटरच्या वर खोल असलेला समुद्र एकदम दोनशे मीटरच्या आत येतो, आणि लांबून आलेली अटलांटिकची लाट तिथं अडून उंच आणि उभी होते. म्हणून लहान बोटवाले हा टप्पा मे ते ऑगस्टमध्ये उरकतात, सप्टेंबर म्हणजे आधीच उशीर. तुमच्या मुलाची वेळ हुकली आणि तो थांबला. तुम्ही ज्याला अधांतरी लटकणं म्हणताय तो मला तरी त्याने वर्षभरात घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

पत्रात तुम्ही एक गोष्ट धरूनच चाललाय, की बोट हलत नाही म्हणजे बेत फसला. हे कशावरनं? याच फालमथमधनं १४ जून १९६८ ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथंच परत आला, एकट्याने कुठंही न थांबता शिडाच्या बोटीतनं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. निघायचा महिना बघा, जून. आणि मिस्टरांना हे मुद्दाम वाचून दाखवा की त्याची बोट सुहैली ही आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी लाकडाची, ३२ फुटांची, म्हणजे तुमच्या मुलाच्या बोटीपेक्षा दोन फूट लहानच. आपल्या नेव्हीचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले, एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, ते चार बंदरांत थांबत गेले. म्हणून कुणी त्यांची प्रदक्षिणा अर्धवट धरली नाही. नावाडी हा शब्द मिस्टरांनी शिवीसारखा वापरलाय, पण हे दोन नावाडी त्यांना ऐकवा, बघा काय म्हणतात.

आता तुम्ही सांगलीच्या आहात म्हणून एकच सांगतो. पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की सांगलीत लोक काय विचारतात? आयर्विन पुलाला किती फूट झालं? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. पाणी अमुक तारखेला उतरलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही, आकडा बघून सामान वर चढवतात आणि आकडा बघूनच खाली आणतात. मुलाशी बोलताना तेवढंच करा. "कधी निघणार" हा प्रश्न टाकून द्या, त्याऐवजी "वारा किती झाला की निघायचं नाही असं तुम्ही ठरवलंय" हे विचारा. शहाणा बोटवाला घरात शांत बसून ही मर्यादा आधीच ठरवतो, म्हणजे अंदाजात वाऱ्याचा जोर एवढ्याच्या वर दिसला की बाहेर पडायचं नाही, मग कुणाचं लग्न असो नाहीतर व्हिसा संपत असो. त्याच्याकडे असा आकडा असेल तर तो लगेच सांगेल आणि तुम्हालाच बरं वाटेल. नसेल तर तुमच्या प्रश्नामुळे ठरवेल.

ब्रह्मनाळबद्दल. त्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही, ऑगस्ट २०१९ मध्ये ते ज्यांनी बघितलं-ऐकलं त्यांना बोट म्हटलं की पोटात गोळा येणारच. पण पुरातनं माणसं काढायची उथळ बोट आणि समुद्रावरची शिडाची बोट यांची बांधणीच वेगळी. शिडाच्या बोटीच्या पोटाखाली शिशाचं नाहीतर बिडाचं मोठं वजन लावलेलं असतं, बोटीच्या एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे वाऱ्याने ती कलते आणि परत सरळ होते. व्हिडिओवर तुम्हाला जे दिसतं ते हेच. शीड उतरवलेलं असलं तरी डोलकाठीला आणि दोरांना वारा धरतोच, म्हणून बांधलेली बोटसुद्धा कलते. त्याला बुडणं समजू नका.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, पण जिथं करायला पाहिजे तिथं. तुम्ही लाटांना घाबरताय, आणि मरीनातल्या बोटीत राहणाऱ्या माणसाला धोका असतो तो बहुतेक हीटरपासून, गॅसपासून आणि रात्री बोटीत चढता-उतरताना.

धूर-वायूचं पहिलं. थंडीत माणूस सगळ्या फटी बुजवतो, आत गॅसची शेगडी नाहीतर डिझेलचा हीटर चालू, आणि जळण नीट झालं नाही किंवा धुराची नळी कुठं गळत असली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला झोप येतेय असंच वाटतं. त्याचा अलार्म मिळतो, बोटींसाठी वेगळा बनवलेला येतो, झोपायच्या जागेजवळ लावायचा. आहे का विचारा, आणि पुढच्या कॉलला बटण दाबून वाजवून दाखवायला सांगा, आईने सांगितलं की करतात पोरं. थंडी वाजतेय म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून ऊब घेत बसायचं नाही हेही बजावा, आणि तुम्ही प्रेमाने कोळशाची शेगडी वगैरे सुचवणार असाल तर अजिबात नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर घरात दाराखालनं थोडा तरी बाहेर जातो, बोटीत मात्र तळाशी जाऊन साठतो आणि तिथनं त्याला वाटच नसते. म्हणून सिलिंडरचा कॉक प्रत्येक वेळी बंद. तिथं बोटीला धक्क्यावरनं वीज मिळते, तिच्यावर चालणारा तेलाचा रेडिएटर हीटर सगळ्यात निवांत, फक्त हीटर, केटल आणि इस्त्री एकदम लावली की ट्रिप होणार. (इस्त्री करत असतील असं वाटत नाही म्हणा.)

दुसरं, पाण्यात पडणं. भर समुद्रात नव्हे, बांधलेल्या बोटीतनं धक्क्यावर पाय टाकताना. चित्र डोळ्यासमोर आणा: फालमथला मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत पंधरा फुटांच्या आसपास फरक पडतो, तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, आणि ओहोटीला किनाऱ्यावरनं त्याच्यावर उतरायचा रॅम्प चांगलाच उभा होतो, वरनं पाऊस नाहीतर पातळ बर्फाचा थर, एका हातात किराण्याची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईलचा टॉर्च, बोट वाऱ्याने धक्क्यापासनं फूटभर लांब गेलेली, आणि तुमची सून एक पाय उचलतेय. पाणी थंडीत दहा अंशांच्या जवळपास असतं. एवढ्या गार पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात श्वासच आवरत नाही, आपोआप मोठा श्वास घेतला जातो आणि तोंड पाण्यात असेल तर पाणी आत जातं, पोहता येणाऱ्यालाही. नंतर दहा-एक मिनिटांत हातापायांतली ताकद जाते, आणि ओल्या कपड्यांनिशी बोटीच्या गुळगुळीत बाजूवरनं वर चढणं धडधाकट माणसालाही जमत नाही. उपाय अगदी साधे: रात्री किंवा वाऱ्यात धक्क्यावर जाताना लाइफजॅकेट घालायचं (लोक हसतात, हसू देत), धक्क्याला शिडी कुठं कुठं आहे ते दोघांनी पाठ करायचं, दोन्ही हात मोकळे ठेवायचे म्हणजे पिशवी पाठीला, आणि एकटं माणूस बाहेर गेलं असेल तर पोचल्याचा मेसेज. आणि पडलंच तर पहिली एक-दोन मिनिटं जीव खाऊन पोहू नये, पाठीवर तरंगत श्वास ताब्यात आणावा, मग हाक मारावी आणि शिडीकडे जावं.

बांधलेल्या बोटीचे दोर. वादळात दोर तुटतो तो बहुतेक एकाच जागी घासून. दर वादळाआधी दोर डबल केलेत का, घासायच्या जागी पाइप किंवा जाड कापड गुंडाळलंय का, मरीना कुठल्या दिशेच्या वाऱ्याला उघडी आहे, एवढं विचारलंत तरी मुलाला कळेल की आई आता रडत नाहीये, आईला विषय कळलाय. आणि मोबाईलवर तुम्हाला इंग्लंडच्या वादळांची नावं दिसतात ना, ते बघून झोप उडवून घेऊ नका. २०१५ पासून ब्रिटन आणि आयर्लंडची हवामान खाती मोठ्या वादळांना नावं देतात म्हणून प्रत्येक वादळ बातमीत येतं, नाव आलं म्हणजे फालमथमध्ये काहीतरी होणारच असा अर्थ नाही.

भिंतीवरचं पाणी. ते बाहेरनं गळत असेल असं तुम्हाला वाटलं असणार, पण बहुतेक ते त्या दोघांचंच आहे. फायबरची भिंत, पलीकडे गार हवा आणि गार पाणी, अलीकडे दोन माणसांचा श्वास, ओले कपडे आणि स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच खोलीत पडतं, हा शाळेतला केमिस्ट्रीचा हिशोब आहे, इंजिनिअर मुलाला मांडायला सांगा. गादी उचलून बघायला सांगा, खालची बाजू ओली असणार, कधी काळे ठिपके पण. गादीखाली हवा खेळेल अशी लाकडी पट्ट्यांची नाहीतर जाळीची बैठक, वरची झडप थंडीतही बोटभर उघडी, भांड्यावर झाकण, ओले रेनकोट आत वाळत घालायचे नाहीत, आणि विजेवरचं हवेतला ओलावा ओढणारं मशीन, डिह्युमिडिफायर. त्यात डेसिकंट प्रकारचं, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं घ्यावं, साधं कॉम्प्रेसरवालं गारठ्यात फारसं चालत नाही. वाढदिवसाला काही पाठवायचं मनात असेल तर त्याचे पैसे पाठवा.

आता सुनेबद्दल, आणि इथं मी जरा तुमच्यावर घसरणार आहे, राग मानू नका. अख्ख्या पत्रात मुलाबद्दल पानंच्या पानं आणि सुनेबद्दल दीड ओळ, "बिचारी बोलत नाही". बोट घ्यायची कल्पना कुणाची होती हे पत्रात नाही. तुम्ही धरलंय की मुलाने हट्ट केला आणि ती ओढली गेली. असेलही. पण बोट तिनेच शोधून काढली असेल आणि आता सासरी कुठल्या तोंडाने कंटाळा सांगायचा म्हणून गप्प असेल, हे पण होऊ शकतं. किंवा ती तुमच्यासमोर गप्प असेल कारण प्रत्येक कॉलचा शेवट तिला माहीत आहे. किंवा नुसती झोप झाली नसेल! वारा सुटला की शीड चढवायचे दोर ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर रात्रभर टणटण आपटतात, शेजारच्या रिकाम्या बोटींचे पण, आणि त्या आवाजात आतलं माणूस पार वैतागतं. स्वतःच्या बोटीचे दोर डोलकाठीपासनं लांब ताणून बांधले की अर्धा त्रास जातो, शेजारच्या बोटींचं मरीनाच्या ऑफिसला सांगायचं.

त्यात अंधार. डिसेंबर-जानेवारीत तिथं दिवस आठ-साडेआठ तासांचा, साडेचार-पाचला दिवे लागतात, आणि तुम्ही रात्री जेवणं आवरून दहा-साडेदहाला फोन करता तेव्हा तिकडे बरोबर तीच वेळ असते, काम उरकायची घाई, बाहेर काळोख पडतोय, केबिनमध्ये एक दिवा. त्या वेळी माझाही चेहरा उतरेल. रविवारी आपल्याकडे दुपारी अडीच-तीनला करून बघा, तिथं सकाळचे नऊ-साडेनऊ असतात. आणि तिला वेगळा फोन करा. मुलाला समजव म्हणून नको, बोटीचा विषयच काढू नका पहिल्या फोनला, तिची नोकरी, तिची आई, जेवायला काय केलं. दुसऱ्या-तिसऱ्या फोनला ती आपणहून सांगेल, आणि तेव्हा तुम्ही मध्ये न बोलता ऐकून घ्या, लगेच "मी सांगतेच त्याला" नको. तिने थेट सांगितलं की मला हे नको झालंय, तर मात्र माझं सगळं वरचं ज्ञान बाजूला ठेवा. दोघांच्या घरात एकाला रोज रडू येत असेल तर ते घर लाकडाचं, फायबरचं की विटांचं हा प्रश्न उरत नाही, आणि तेव्हा तिच्या बाजूने बोलायला तुम्ही पाहिजे.

फ्लॅटचं. पैसे तुमचे आहेत, द्यायला हरकत नाही, पण हिशोब बघा. फ्लॅट घेतला तरी बोटीच्या जागेचं भाडं थांबत नाही, आणि रिकामी बोट वादळात तशीच सोडता येत नाही, कुणीतरी येऊन दोर आणि आतलं पाणी बघावंच लागतं, म्हणजे मुलगा रात्री-अपरात्री फ्लॅटमधनं उठून धक्क्यावर जाणार. शिवाय ठणकावून दिलेले पैसे पोरं एकतर घेत नाहीत किंवा घेऊन मनात ठेवतात. मला मधला रस्ता जास्त पटतो. फालमथ ज्यात येतं तो कॉर्नवॉल हा उन्हाळी पर्यटनाचा भाग, थंडीत सुट्टीवाल्यांची घरं रिकामी पडलेली असतात आणि महिन्याच्या बोलीवर मिळतात. जानेवारीच्या शेवटापासून तीन-चार आठवडे दोघांनी किंवा नुसती तिने अशा घरात काढावेत, गरम पाण्याने अंघोळ, कोरडी गादी, मोठी खिडकी. "बोट सोडा" असं न म्हणता "थोडे दिवस सुट्टी घ्या, आमच्याकडनं" असं म्हणा. तेवढंही नको असेल तर दिवसा काम करायला लायब्ररी किंवा भाड्याचं टेबल. आणि तिला सुट्टी मिळत असेल तर फेब्रुवारीत सरळ सांगलीला बोलवा, एकटीला. तुमच्याकडे ऊन भरपूर आहे त्या दिवसांत.

मुलाला विचारायच्या दोन रुक्ष गोष्टी, भावनेच्या भरात राहून जातात. एक, भारतीय पासपोर्टवर स्पेनला जायचं तर शेंगेन व्हिसा लागतो, बोटीने गेलं तरी लागतो, आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्यामुळे मे महिन्यात "हवा चांगली आहे पण व्हिसा आठ दिवसांत संपतोय" असा पेच येऊ नये, कारण अशाच पेचात माणूस चुकीच्या हवेत निघतो. इंग्लंडचा व्हिसा नोकरीवर असेल तर स्पेनमध्ये बसून तीच नोकरी चालते का हे कंपनीला आधी लेखी विचारून घ्यायचं. दोन, बोटीचा विमा थंडीत बोट कुठं असावी आणि तिच्यात राहता येतं का याबद्दल काय म्हणतो ते कागद काढून वाचायचं. आणि डॉक्टर, तिथं सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवायला घरच्या पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, बोटीत राहतो म्हणून टाळाटाळ करत बसू नये, तिला खोकला असेल तर आधी तेच.

मिस्टरांचा अबोला माझ्या मते या सगळ्यात जास्त नुकसान करतोय. बाप बोलत नाही म्हटल्यावर मुलगा काहीतरी करून दाखवायच्या मागे लागतो, आणि या खेळात करून दाखवायची खुमखुमी वाईट. त्यांना लगेच गोडीगुलाबी जमणार नाही, मला माहितीये ही पिढी, मी त्यातलाच. त्यांना काम द्या. बँकेत आयुष्य काढलेला माणूस आहे, बोटीच्या खर्चाचा आणि विम्याचा कागद बघून द्यायला मुलाने त्यांना मेल करावा, ते चुका काढतील, लाल पेनने खुणा करतील, आणि त्या निमित्ताने फोन होईल. मिस्टरांना हे तुम्ही सुचवलंय असं सांगू नका.

नातेवाईकांना उत्तर ठरवून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच द्यायचं: "हंगाम नाही, मे-जूनमध्ये बघतील, नाहीतर पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी हे शब्द मुद्दाम घाला आणि मुलाच्या कानावर जाऊ द्या. मे मध्येही हवा जमली नाही तर थांबायला त्याला मोकळीक पाहिजे.

इतर ज्या वाचकांची पोरं व्हॅनमध्ये, डोंगरात, जहाजावर कुठंकुठं राहतात त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, तारीख विचारू नका आणि अलार्म विचारा, बाकी जागेप्रमाणे बदलून घ्या.

पार्सल पाठवणार असालच, तर लहान तीन लिटरचा प्रेशर कुकर पाठवा, त्यांच्याकडे नसेल तर. गॅस कमी लागतो, वाफ कमी होते, आणि झाकण बंद असल्यामुळे बोट कलली तरी आमटी सांडत नाही, म्हणून बोटवाले लोक कुकरवर जीव टाकतात. लाल मिरचीची फोडणी मात्र झडप उघडून करायला सांगा, एवढ्याशा केबिनमध्ये दोघंही खोकून बाहेर पळतील. मेतकूट, हळद, बेदाणे चालतील. भडंग पाठवायचा मोह होईल तुम्हाला, पण प्लास्टिकच्या पिशवीतला भडंग त्या ओलाव्यात दोन दिवसांत चामट होतो, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, आणि लसूण जरा जास्त.